पहिल्या रांगेतली टोपी

माझी भावजय डोव्ही हिला सरकारनं बिऱ्हाडं हलवायचं लायसन दिलं ते तिच्या कर्तबगारीवर, असं ती आजकाल लोकांना सांगते. सांगू दे. थापा मारायला अजून तरी लायसन लागत नाही. खरं काय झालं ते मला विचारा. मी तिथे दुसऱ्या रांगेत बसले होते, चष्मा लावून.

माझा धाकटा भाऊ एस्कर एका फर्निचरच्या दुकानाचा माल घरोघर पोचवायचा. दुकान बंद पडलं तेव्हा मालकानं जुना हिरवा ट्रक त्यालाच देऊन टाकला, आणि पुढच्या हिवाळ्यात एस्कर गेला. इंजिन गरम करायला म्हणून अंगणात गेला, पायरीवर बसला, तो उठलाच नाही. मागे राहिली डोव्ही आणि तो ट्रक. दोघांनाही आमच्या हेझलफोर्क गावात कोणी विचारत नव्हतं.

पण आमच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी तेव्हा एकेक करून बंद होत होत्या आणि जो तो उठून उत्तरेला, ओहायोतल्या कारखान्यांत निघाला होता. दर शनिवारी कोणाचं ना कोणाचं बिऱ्हाड हलायचं. डोव्ही अंगानं दणकट, लोखंडी पलंग एकटी उचलायची. लोक तिला बोलवायला लागले. तिच्या हातून बशी फुटायची नाही, आरसा तडकायचा नाही. म्हातारी माणसं तर तिलाच बोलवा म्हणून हटून बसायची, कारण सामान बांधता बांधता ती त्यांचं रडगाणंही ऐकून घ्यायची. मला तिचं फार कौतुक वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि आता तर मुळीच सांगणार नाही.

मग एक दिवस हायवेवर पोलिसानं तिचा ट्रक अडवला. दुसऱ्याचं घरसामान पैसे घेऊन वाहायचं लायसन आहे का, म्हणाला. डोव्हीनं गाडी चालवायचं लायसन पुढे केलं. "हे नव्हे बाई, धंद्याचं." ते कुठून असणार? कोणीतरी चुगली केली होती, आणि कोणी केली ते ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. आमच्या अख्ख्या डोंगराळ भागात त्या धंद्याचं लायसन एकाच माणसाकडे होतं. थर्मन पकेट.

हा थर्मन म्हणजे महा गुळगुळीत माणूस. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा, बायका दिसल्या की हॅट काढायचा, आणि सोमवारी येतो सांगून गुरुवारी उगवायचा. त्याच्या माणसांनी काही फोडलं नाही असं घर हेझलफोर्कमध्ये शोधून सापडलं नसतं. पण लोक करणार काय? दुसरा होता कोण?

"मी लायसन काढते, वन्सं," डोव्ही म्हणाली. "सरळ अर्ज करते. चोरीचा धंदा आहे का माझा?"

अर्ज केला. ट्रकचा विमा, सामानाचा विमा, ब्रेकची तपासणी, वजनाचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला. एकेक मिळवता मिळवता बाईचे बूट झिजले. तिथवर माझी तक्रार नाही. दुसऱ्याचं कपाट घेऊन तू घाट उतरणार तर ब्रेक धड हवेतच. पण एका संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं शेवटचा नियम वाचला आणि मी निवडत होते त्या बीन्सच्या शेंगा बाजूला ठेवल्या.

"परत वाच," मी म्हटलं.

"अर्ज करणाऱ्यानं त्या भागातल्या प्रत्येक लायसनवाल्याला खबर द्यायची. त्यातल्या कोणी हरकत घेतली तर राज्याच्या राजधानीत सुनावणी. आणि जनतेला नव्या माणसाची गरज आहे हे अर्ज करणाऱ्यानं सिद्ध करायचं."

"म्हणजे तू जाऊन थर्मनला विचारायचं, बाबा रे, तुझं गिऱ्हाईक पळवू का?"

"तसंच दिसतंय."

"आणि तो नको म्हणाला की?"

"तो नालायक आहे हे मी साक्षीदार आणून दाखवायचं."

"हा कायदा लिहिला कोणी? थर्मनच्या आजोबांनी?"

डोव्ही हसली, पण मी हसण्यावारी नेलं नव्हतं. अहो, कोणाला खानावळ काढायची असेल तर आधीच्या खानावळवाल्याची परवानगी आण, असं म्हणणारं हे सरकार! आणि वर याला म्हणतात जनतेचं हित. जनता बिचारी थर्मनची वाट बघत फुटपाथवर गाद्यांवर बसलेली असायची, तिला कोणी विचारलंय?

थर्मननं हरकत घेतली. तो दरवेळी घ्यायचा. डोव्हीच्या आधी चार-पाच जण असेच आपटले होते. एवढे सगळे कसे काय आपटले, याचा विचार डोव्हीनं करायला हवा होता. केला नाही. "नालायक आहे हे सिद्ध करायला काय लागतंय?" ती म्हणाली. "गावात कोणालाही विचारा."

विचारलं, आणि लोकांनी सांगितलंही. होबर्ट न्हाव्याची दाढीची खुर्ची थर्मननं जिन्यावरून सोडली होती. होबर्ट अर्धा तास शिव्या घालत होता. "गाढव आहे लेकाचा! राजधानीत काय, वॉशिंग्टनला येऊन सांगतो." शाळेतल्या लुलाबाई फ्युगेट, आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, पण आईच्या आरशाचा विषय निघाला तशा त्याही म्हणाल्या, "त्या माणसाला मी देवापुढेसुद्धा माफ करणार नाही." डोव्हीनं दोघांना साक्षीदार केलं. चर्चची व्हॅन मागून घेतली, सोबत मी डबा केला, आणि आम्ही गाणी म्हणत राजधानीला निघालो. डोव्हीच्या सगळ्या आयुष्याचा फैसला त्या दिवशी होता. लायसन मिळालं नाही तर ट्रक विकायचा आणि ओहायोत कोणाच्या तरी कारखान्यात उभं राहायचं, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं.

आता डोव्हीची चूक ऐका. ही चूक आमच्या डोंगरातलं माणूसच करू जाणे. आमच्याकडे माणसाला पाठीमागे काय वाट्टेल ते म्हणा, कोणी मनावर घेत नाही. पण त्याच्या देखत, त्याच्या घरच्यांच्या देखत, चारचौघांत वाईट म्हणायचं नाही. घरच्यांनी म्हटलं तर चालतं, तो त्यांचा हक्क. परक्यानं तोंड उघडलं की दोन घरं एकमेकांच्या मयताला जायची बंद होतात. हे डोव्हीला लहानपणापासून माहीत होतं. तरी तिला वाटलं, शपथ घेतली की माणूस बदलतो.

थर्मनला मात्र पक्कं ठाऊक होतं. त्या खोलीत आम्ही शिरलो तर पहिल्या रांगेत, बरोबर साक्षीदाराच्या खुर्चीसमोर, त्यानं आपल्या आईला आणून बसवलेलं. वेस्टामावशी! जांभळी टोपी, टोपीवर कापडी फुलं, मांडीवर छत्री. गावातल्या निम्म्या पोरांना या बाईनं अंघोळ घातलेली. होबर्टला तर तिनंच जन्माला आणलं, सुईण म्हणून. मावशींनी वळून सगळ्यांकडे बघून हात हलवला. होबर्टनं टोपी काढली आणि त्याचा चेहरा पडला.

सुनावणी घेणारे साहेब राजधानीतले, टाय लावलेले, तरुणच. त्यांना या टोपीचा अर्थ काय कळणार?

"पकेट यांची सेवा तुम्हाला कशी वाटली?" त्यांनी होबर्टला विचारलं.

होबर्टनं घसा खाकरला. मावशींकडे बघितलं. "थर्मन ना? थर्मन भला माणूस आहे."

"तुमची एक खुर्ची मोडली असं अर्जात लिहिलंय."

"जुनीच होती."

"पण मोडली?"

"मोडली म्हणजे... खुर्ची काय, कधी ना कधी मोडतेच."

माझ्या शेजारी डोव्हीनं डोळे मिटले. मी मनातल्या मनात होबर्टला काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. वॉशिंग्टनला जाणार होता म्हणे! मग लुलाबाई उठल्या. त्यांच्यावर माझी भिस्त होती, शिकलेली बाई. त्यांनी शपथ घेतली, रुमालानं नाक पुसलं, आणि म्हणाल्या, "चांगल्या घरातला मुलगा आहे." आरशाचं विचारलं तर म्हणाल्या, त्यात तसंही आता काय बघायचं राहिलं होतं.

थर्मन मान खाली घालून बसला होता, नम्रपणाचा पुतळा. वर्षानुवर्षं तो याच पद्धतीनं जिंकत आला होता. एवढी मोठी इमारत, एवढे कायदे, एवढे साहेब, आणि सगळ्यांना पुरून उरत होती एक जांभळी टोपी.

"आणखी कोणी साक्षीदार?" साहेबांनी कागद गोळा करत विचारलं.

डोव्हीनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी तोवर जन्मात घर हलवलं नव्हतं. मग तिची नजर पुढे गेली आणि तिथेच थांबली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं.

"आहे," डोव्ही म्हणाली. "वेस्टामावशी."

थर्मन ताडकन उठला. "ती माझी आई आहे!"

"म्हणूनच," डोव्ही म्हणाली.

मावशी छत्री टेकत टेकत खुर्चीपाशी गेल्या. बसल्यावर आधी टोपी सारखी केली. साहेबांनी विचारलं, "तुमच्या मुलाची सेवा समाधानकारक आहे का?"

"त्याच्या बापापेक्षा बरी आहे," मावशी म्हणाल्या. "त्याचा बाप तर पत्ताच चुकायचा."

कोणीतरी फिसकन हसलं. मावशींनी छत्री उचलून मागे दाखवली. "हसायचं नाही. माझ्या पोराला तुम्ही कोणी काही बोललात तर एकेकाच्या टाळक्यात ही छत्री घालीन. मी बोलेन. मी जन्म दिलाय." मग साहेबांकडे वळल्या. "मला यानं डोंगरावरच्या घरातून खाली गावात आणलं. माझं भांड्यांचं कपाट अंगणात उतरवून ठेवलं आणि निघून गेला. का, तर हरणांच्या शिकारीचा मोसम होता! तीन दिवस ते पावसात. त्याची लाकडं फुगली, दारं लागेनात. आणि काम झाल्यावर माझ्याकडून पैसे घेतले."

"आई!" थर्मन म्हणाला.

"गप्प बस. घेतलेस की नाही? वर बक्षिसी मागितलीस." मावशींनी मान हलवली. "साहेब, माझा मुलगा मनानं वाईट नाही. पण त्याला कोणाची भीती नाही. या पोरीला लायसन द्या, म्हणजे त्याला थोडी भीती वाटेल. त्याच्याच भल्यासाठी सांगते."

बस्स. एवढं झालं. लायसन या साक्षीवर मिळालं. कर्तबगारी म्हणे!

परतताना नदीच्या पुलाजवळच्या हॉटेलात आमची व्हॅन थांबली. आत बघते तर कोपऱ्यातल्या टेबलावर थर्मन आणि वेस्टामावशी. दोघांच्या मध्ये एकच बशी, केळ्याच्या पुडिंगची. मावशी खात होत्या, तो त्यांची छत्री धरून बसला होता. दुसरं करणार काय? घरी तर नेऊन पोचवायचंच होतं.

पुढची चार-पाच वर्षं डोव्हीनं असं काम केलं की मला भावाची आठवण येऊन डोळ्यांत पाणी यायचं. ट्रकच्या दारावर पिवळ्या अक्षरांत आमचं आडनाव रंगवलं, रॅटलिफ, आणि खाली लायसनचा नंबर. थर्मनही सुधारला, मावशी म्हणाल्या तसाच. सोमवारी म्हटलं की सोमवारी यायला लागला. मग मावशी गेल्या, थर्मनची पाठ गेली, त्यानं धंदा गुंडाळला. आणि अख्ख्या डोंगराळ भागात लायसन एकाच माणसाकडे राहिलं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. डोव्हीनं आणखी दोन ट्रक घेतले, त्यांवर माणसं ठेवली, आणि ती माणसं कशी तर थर्मनकडून सुटलेली. ओहायोची मोठी कामं आधी. वरच्या खोऱ्यातल्या म्हातारीचा एक पलंग आणि एक शेगडी, ते कधी तर सवडीनं. लोक पुन्हा गाद्यांवर बसायला लागले. पाठीमागे शिव्या घालायला लागले. माझ्यासमोर मात्र, "डोव्ही काय, भली बाई आहे." अर्थात. मी घरची ना.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मी डोंगरावरचं घर सोडून गावात दोन खोल्यांत आले. माझं सामान हलवणार कोण? भावजय! दोन आठवडे मी खोक्यांच्या मधून वाट काढत चहा करत होते. शेवटी तिची माणसं आली आणि आमच्या वडिलांनी अक्रोडाच्या लाकडाचं केलेलं कपाट त्यांनी दारात असं अडकवलं की त्याचा एक दरवाजा उपटून हातात आला. डोव्ही बघायला आली. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दार नसलं तर आतलं छान दिसतं, वन्सं," म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरात नेऊन जे बोलायचं ते बोलले. बाहेर कोणाला चकार शब्द सांगितला नाही. दार पलंगाखाली सरकवून ठेवलं.

आणि मग एल्डन गॅबर्डनं अर्ज केला. एल्डन म्हणजे पलीकडच्या ओढ्याकाठचा, खाणीतून सुटलेला, बायको रुथीन आणि स्वतःचा एक ट्रक एवढाच संसार. विमा काढला, ब्रेक तपासले, वर्तणुकीचा दाखला आणला. शेवटच्या नियमाप्रमाणे डोव्हीला खबर आली, आणि डोव्हीनं, आमच्या डोव्हीनं, हरकत घेतली.

"लाज वाटत नाही?" मी विचारलं.

"कशाची? इथे दोघांना पुरेल एवढं काम नाही. आणि नवखे लोक सामान फोडतात."

मी कपाटाकडे बघितलं. तिनंही बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. थर्मन अगदी हेच बोलायचा, शब्दन् शब्द. लायसनच्या कागदाबरोबर ही वाक्यंसुद्धा छापून देतात की काय कोण जाणे.

आठवड्याभरानं रुथीन माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. "नेल्डाबाई, गावातलं कोणी बोलणार नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिच्या घरच्या आहात. एल्डनला हे नाही मिळालं तर आम्ही उन्हाळ्यात ओहायोला जाणार. त्याला जायचं नाहीये. त्याची आई इथे पुरलीय."

"घरातली गोष्ट आहे ती, बाई," मी म्हटलं आणि दार लावलं. हळूच लावलं, पण लावलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी डोव्ही आली. हातात गोल खोकं. उघडलं तर टोपी. निळी, बाजूला पीस.

"तुमच्यासाठी, वन्सं. उद्या माझ्याबरोबर राजधानीला चला. तुम्हाला काही बोलायचं नाही. नुसतं पहिल्या रांगेत बसायचं."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. जी बाई या टोपीपायी बुडता बुडता वाचली, ती आज मला टोपी घालायला आली होती! "आणि मला कोणी उठवलं तर? तू मावशींना उठवलंस तसं?"

डोव्ही हसली. "त्या आई होत्या. तुम्ही नणंद आहात. नणंदेचं बोलणं कोण मनावर घेतं? नणंदा बोलायच्याच."

मी टोपी घालून बघितली. शोभत होती, हे कबूल करायला हवं.

राजधानीत तीच खोली, साहेब मात्र दुसरे, टक्कल पडलेले. मी पहिल्या रांगेत. आणि एल्डनचा साक्षीदार म्हणून खुर्चीत कोण? होबर्ट! म्हातारा झालेला, पण तोच. दुकान हलवताना डोव्हीच्या माणसांनी त्याचं बेसिन फोडलं होतं, त्यावर तो गावभर बोंबलत फिरला होता. आता त्यानं माझ्या टोपीकडे बघितलं आणि म्हणाला, "डोव्ही भली बाई आहे."

"बेसिन?" साहेबांनी विचारलं.

"बेसिन जुनंच होतं."

मला इतका संताप आला की टोपीतलं पीस हललं असेल. होबर्टचा आला, कायद्याचा आला, डोव्हीचा आला. आणि सगळ्यांत जास्त त्या खुर्चीचा आला जिच्यात मी गुपचूप शोभून बसले होते. एल्डन उभा होता, त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. रुथीननं त्याची बाही ओढली, कानात काही सांगितलं.

"नेल्डाबाई रॅटलिफ," तो म्हणाला. मला ऐकू येईल न येईल एवढ्या आवाजात.

मी उठले. डोव्हीनं माझ्याकडे बघितलंही नाही, एवढी तिची खात्री.

"आधी एक लिहून घ्या," मी साहेबांना म्हटलं. "मी हिची नणंद आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"नणंदा बोलायच्याच, असं हिचं म्हणणं आहे. तेही लिहून घ्या. आणि मग मी जे सांगते ते लिहा."

मग मी सांगितलं. पूर्वी हिच्या हातून बशी फुटत नव्हती हे आधी सांगितलं, कारण ते खरं होतं. मग वरच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या, गाद्यांवर बसलेले लोक, ओहायोची कामं. मग कपाट. वडिलांनी ते माझ्या आणि एस्करच्या देखत केलं होतं, त्या दाराला एस्करनं लहान हातांनी तेल चोळलं होतं, तेही सांगितलं. "माझी भावजय मनानं वाईट नाही," मी म्हटलं, आणि बोलता बोलता कळलं की हे शब्द माझे नाहीत. "पण तिला कोणाची भीती राहिलेली नाही."

साहेब डोव्हीला म्हणाले, "तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?"

डोव्ही उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता जुनंपानं सगळं उकरून काढणार. पण तिनं एवढंच विचारलं, "वन्सं, मी ते दार बसवून दिलं असतं, तर तुम्ही हे बोलला असतात?"

"घरात बोलले असते," मी म्हटलं. "इथे आले नसते."

ती खाली बसली.

आता पंचाईत अशी की मी आले होते तिच्याच ट्रकमधून. दुसरी गाडी नव्हती. तिनं दार उघडून धरलं, मी चढले, टोपी मांडीवर घेतली. पुलाजवळच्या हॉटेलापाशी तिनं ट्रक आत घेतला. मला विचारलंही नाही. केळ्याचं पुडिंग मागवलं, एकच बशी, माझ्यापुढे सरकवली. पुडिंग भिकार होतं, वेस्टामावशींच्या वेळेस बरं असावं. मी सगळं खाल्लं. डोव्ही माझी टोपी हातात धरून पिसाशी चाळा करत बसली होती.

"दार आहे अजून?" तिनं विचारलं.

"पलंगाखाली."

"रविवारी येते."

एल्डनला लायसन मिळालं. आणि डोव्ही खरंच आली, मात्र त्या रविवारी नाही, पुष्कळ रविवार गेल्यावर. हत्यारं घेऊन आली, पण स्क्रू विसरली, ही तिची तऱ्हा. समोरच्या घरी बिऱ्हाड उतरत होतं. ट्रकच्या दारावर ताजी पांढरी अक्षरं, गॅबर्ड, खाली नंबर. डोव्ही बराच वेळ माझ्या खिडकीत उभी राहिली. मग तरातरा रस्ता ओलांडून गेली. तिनं काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही, पण एल्डन स्क्रूंचा डबा घेऊन तिच्याबरोबरच आला. रविवारचा घामाघूम झालेला, तरी आला.

त्यानं दार धरलं, तिनं स्क्रू पिळले. चार बिजागऱ्या, सगळं कसं घट्ट. डोव्ही दोन पावलं मागे सरली, कपाळ पुसलं, आणि म्हणाली, "झालं!"

दार उलटं बसलं होतं. कुलपाचं भोक खाली जमिनीजवळ. एल्डननं ते बघितलं होतं, त्यानं दार धरलं तेव्हापासूनच बघितलं असणार. त्यानं डबा बंद केला, आधी डोव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"छान बसलंय," तो म्हणाला.

तो तरी काय बोलणार, परका माणूस.

"डोव्ही," मी म्हटलं, "उलटं आहे. काढ."